सर्व्हरची नोकरी टिकवायची तर काय शिकावं? जुनी सर्टिफिकेटं आता पुरत नाहीत

तालुक्यातल्या कितीतरी घरांतला एखादा मुलगा पुण्या-मुंबईत ‘कंपनीत कॉम्प्युटरवर’ असतो. त्यातले बरेच जण सिस्टीम ॲडमिन आहेत. म्हणजे कंपनीचे सर्व्हर चालू ठेवायचे, बॅकअप घ्यायचा, नव्या माणसाला लॉगिन करून द्यायचं आणि रात्री दोनला काही बंद पडलं तर उठायचं. पूर्वी हार्डवेअर-नेटवर्किंगचा कोर्स केला की हे काम मिळायचं. आता तेवढ्यावर भागत नाही.

कारण कंपन्या स्वतःचे सर्व्हर घेणं कमी करतायत. मायक्रोसॉफ्टचं ॲझ्युर क्लाऊड २०१५ मध्ये पुण्यात आणि ॲमेझॉनचं एडब्ल्यूएस २०१६ मध्ये मुंबईत सुरू झालं. घरचा ट्रॅक्टर ठेवण्याऐवजी तासावर ट्रॅक्टर आणावा, तसा सर्व्हर भाड्याने मिळतो. दुसरा बदल याहून मोठा. पन्नास सर्व्हरवर एकेक करून अपडेट टाकण्यात आधी आठवडा जायचा. आता ॲन्सिबलसारख्या टूलमध्ये सूचना एकदाच लिहून सगळीकडे पाठवतात. साहजिकच तेवढ्या कामाला माणसं कमी लागतात, आणि हप्ते फेडणाऱ्या पस्तिशीतल्या माणसाला धास्ती त्याचीच असते.

सर्टिफिकेटंही जुनी होतात. एकेकाळी नाव असलेली एमसीएसई मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२१ मध्ये बंद केली. त्या नावाचा कोर्स कुणी आजही विकत असेल, तर फी भरायच्या आधी दहादा विचारा. विंडोज सर्व्हर २०१२ चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२३ मध्ये संपला, सेंटओएस ७ चा जून २०२४ मध्ये. त्यावर हात बसलेल्यांनी आता अल्मालिनक्स किंवा रॉकी लिनक्स लावावं. दोन्ही फुकट आहेत आणि बऱ्याचशा कमांड त्याच आहेत.

जुनं सगळं वाया गेलं, असं मात्र अजिबात नाही. आयपी ॲड्रेस, डीएनएस, परमिशन, लॉग वाचून बिघाड शोधणं, हे क्लाऊडमध्येही लागतंच. नुसता क्लाऊडचा कोर्स केलेला नवखा मुलगा इथेच अडकतो आणि दहा वर्षं सर्व्हर सांभाळलेला माणूस पुढे जातो.

सुरुवात घरच्या लॅपटॉपवर होते. आठ जीबी रॅम असेल तर व्हर्च्युअलबॉक्स टाकून दोन छोटी लिनक्स मशीन चालतात. आधी लिनक्स कमांड आणि शेल स्क्रिप्ट, मग थोडं पायथन आणि गिट, नंतर ॲन्सिबल. क्लाऊड शेवटी, आणि तेही एकच. तिन्ही कंपन्यांचं थोडं थोडं शिकलेला इंटरव्ह्यूत टिकत नाही. मायक्रोसॉफ्ट लर्नवरचे धडे फुकट आहेत, स्वयम पोर्टलवर एनपीटीईएलचे कोर्सही फुकट पाहता येतात, परीक्षेची फी तेवढी पडते. सर्टिफिकेट घ्यायचंच असेल तर रेड हॅटची आरएचसीएसए घ्यावी. तिथे पर्याय निवडायचे नसतात, चालू मशीनवर काम करून दाखवावं लागतं. मुदत तीन वर्षांची.

सुरक्षेचं शिक्षण तर गावाच्याही कामाचं आहे. जुलै २०२४ मध्ये लहान बँकांना सेवा देणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअर हल्ला झाला आणि देशातल्या सुमारे ३०० सहकारी व ग्रामीण बँकांचे यूपीआय, एटीएम व्यवहार काही काळ अडकले. नागरी बँक असो की साखर कारखाना, बॅकअप वेगळ्या जागी ठेवणारा आणि तो परत उतरवून तपासणारा माणूस लागतोच.

क्लाऊडवर सराव करताना एक सांभाळावं. खातं उघडताना कार्ड द्यावं लागतं. तासावरचा ट्रॅक्टर रानात नुसता उभा राहिला तरी मीटर चालूच राहतं, तसंच हे. बजेट अलर्ट लावावा, पण तो फक्त कळवतो, मशीन थांबवत नाही. झोपण्याआधी सरावाचं मशीन नुसतं बंद न करता डिस्कसकट डिलीट करावं. बंद मशीनच्या डिस्कचंही भाडं लागतं.