ॲनालॉगकडून डिजिटल रेडिओकडे : हा बदल इतका संथ का?

१२ फेब्रुवारी १९३१ रोजी मार्कोनी ह्यांनी उभारलेल्या व्हॅटिकन रेडिओवरून पोप अकरावे पायस ह्यांनी लॅटिन भाषेत जगाला संदेश दिला. तेव्हापासून लघुलहरींनी ख्रिस्तसभेचा आवाज दूरदूरच्या मिशन क्षेत्रांत पोहोचविला. आता जगभरचे रेडिओ प्रसारण ॲनालॉग पद्धतीकडून डिजिटल पद्धतीकडे वळत आहे. मात्र हा बदल अतिशय संथ आहे. त्याची कारणे आपण समजून घेऊ या.

ॲनालॉग पद्धतीत आवाजाच्या चढउतारानुसार रेडिओलहर बदलत जाते. वाटेत खरखर मिसळली तरी शब्द कानी पडतात. डिजिटल पद्धतीत आवाजाचे अंकांत रूपांतर होते. प्रवासात झालेल्या काही चुका संच स्वतःच दुरुस्त करतो, म्हणून आवाज स्वच्छ येतो. परंतु लहर फारच क्षीण झाली की आवाज एकाएकी बंद पडतो. ह्या पद्धतीत एकाच प्रक्षेपकावरून अनेक कार्यक्रम देता येतात आणि विजेचीही बचत होते.

खरी अडचण श्रोत्याच्या घरी आहे. जुन्या संचावर डिजिटल प्रसारण ऐकू येत नाही. प्रक्षेपक एकदा बदलता येतो. लाखो घरांतील संच कोण बदलणार? आकाशवाणीने डीआरएम ह्या डिजिटल पद्धतीचे ३५ मध्यमलहरी प्रक्षेपक बसविले. काही मोटारींत तसे संच आलेही, पण घरगुती संच दुर्मीळच राहिले. नॉर्वेसारख्या संपन्न देशाने २०१७ साली राष्ट्रीय वाहिन्यांचे एफएम प्रसारण थांबविले, तरी अनेक स्थानिक केंद्रे एफएमवरच राहिली.

ख्रिस्तसभेपुढेही हाच प्रश्न आहे. व्हॅटिकन रेडिओने १ जुलै २०१२ पासून युरोप व अमेरिका खंडांसाठीचे बहुतांश लघुलहरी प्रसारण थांबविले. तेथे इंटरनेट व उपग्रह उपलब्ध होते. फिलिपिन्समधील रेडिओ व्हेरितास एशियाने २०१८ साली लघुलहरी सोडून इंटरनेटचा मार्ग स्वीकारला. दुसरीकडे, जून २०२५ मध्ये पोप लिओ चौदावे ह्यांनी रोमजवळील सांता मारिया दि गलेरिया येथील प्रक्षेपण केंद्राला भेट दिली, तेव्हा दुर्गम भागांत लघुलहरी किती उपयुक्त ठरतात, हे त्यांनी आपल्या मिशनकार्याच्या अनुभवावरून सांगितले.

नव्या तंत्राला आमचा विरोध नाही. खर्च वाचला तर तो पैसा सेवाकार्यास लागेल, हेही आम्ही जाणतो. परंतु जेथे वीज बेभरवशाची आहे, इंटरनेट महाग आहे किंवा शासनाने ते रोखले आहे, तेथे बॅटरीवर चालणारा छोटा संच हाच अनेकांचा आधार असतो. जुनी लहर बंद करण्यापूर्वी तिच्यावर कोण विसंबून आहे, ह्याची चौकशी झालीच पाहिजे. नव्व्याण्णव मेंढरे सोडून एकाच्या शोधास निघणाऱ्या मेंढपाळाच्या अनुयायांनी त्या शेवटच्या श्रोत्याला विसरता कामा नये.