एकटा जीव आणि चाकांवरचे घर

अमेरिकेतील नामवंत कादंबरीकार जॉन स्टाइनबेक १९६० साली, वयाच्या ५८ व्या वर्षी, देश पाहायला घरातून एकटाच बाहेर पडला. सोबतीला चार्ली नावाचा कुत्रा तेवढा होता. पिकअप ट्रकच्या पाठीवर त्याने एक लहानशी खोली बसवून घेतली होती. झोपणे, रांधणे, लिहिणे सगळे तिच्यातच. या प्रवासावरचे त्याचे पुस्तक १९६२ साली निघाले.

अशा चाकांवरच्या घराला तिकडे 'आर. व्ही.' म्हणतात. मात्र सगळेच हौसेने निघतात असे नाही. २००८ च्या मंदीत ज्यांची पुंजी आटली, अशी कित्येक वयस्क माणसे, त्यांत एकट्या बायकाही, गाडीतच संसार थाटून कामाच्या मागे फिरू लागली. नॉर्थ डाकोटात साखरेच्या बिटाची काढणी निघाली की मुक्काम तिकडे हलवायचा. पत्रकार जेसिका ब्रुडर यांनी २०१७ साली 'नोमॅडलँड' या पुस्तकात त्यांची हकिकत मांडली आहे. कारखान्याच्या तळावर कोप्या घालून राहणारी आपली ऊसतोड मंडळी ज्याने पाहिली, त्याला तिचे फार नवल वाटायचे नाही.

आता एकट्या माणसाने घर घ्यावे कोणते? एका प्रकारात इंजिन आणि घर एकच असते. रात्री बाहेर काही संशयास्पद वाटले, तर बिछान्यावरून उठून थेट चाकावर बसता येते, खाली उतरावे लागत नाही. एकट्या बाईला हा मोठाच आधार. पण इंजिन बिघडले की गाडीबरोबर घरही गॅरेजात! दुसऱ्या प्रकारात घर वेगळे, ओढणारी गाडी वेगळी. घर तळावर सोडून दूध-भाजीला गाडी नेता येते. मात्र यात जोडी जुळवताना भलेभले फसतात.

जाहिरातीत 'ही गाडी अडीच टन ओढते' असे असते आणि माणूस त्यावरच विसंबतो. खरी गोम दांडीवरच्या भारात आहे. पाणी, गॅस, भांडीकुंडी भरून घराचे वजन १,६०० किलो झाले असे धरा. त्यातला दहा ते पंधरा टक्के भार, म्हणजे १६० ते २४० किलो, गाडीच्या मागच्या हुकावर बसला पाहिजे. गाडीच्या पाठीवर एकूण किती वजन चालेल, ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर छापलेले असते. ते ४५० किलो असेल, तर दांडीचे २००, जोडणीच्या लोखंडाचे ४०, माणसाचे ७० गेल्यावर कुत्रा, हत्यारे आणि सामान यांना १४० किलो उरले. ओढायची ताकद शिल्लक असते, पण पाठ आधी भरते.

म्हणून दांडीवर भार कमी ठेवावा म्हणाल, तर तेही चालत नाही. बैलगाडीत मागे ओझे जास्त झाले की गाडी उलाळते, हे आपल्याकडे पोरालाही ठाऊक असते. तिकडे मोठ्या रस्त्यावर ताशी शंभर किलोमीटरच्या वेगात भार मागे पडला, की घर शेपटासारखे झुलू लागते. अशा वेळी गाडीचा ब्रेक करकचून दाबणे घातक. पाय सैल सोडायचा आणि हाताशी असलेल्या खटक्याने फक्त मागच्या घराचे ब्रेक लावायचे. घराला स्वतःचे ब्रेक हवेतच. भरल्या ट्रॉलीने उतारावर ट्रॅक्टर पुढे ढकलला गेलेला ज्याने पाहिला, त्याला ते वेगळे सांगायला नको. डेन्व्हरच्या पश्चिमेला रस्ता सुमारे ३,४०० मीटर उंचीवरच्या बोगद्यापर्यंत चढतो. विरळ हवेत साध्या इंजिनाचा जोर घटतो, आणि पलीकडे लांब उतार असतोच.

दोघे असले की एक जण मागे उभा राहून 'येऊ दे, येऊ दे' म्हणतो. एकट्याला कोण म्हणणार? हुकाखाली दांडी नेमकी आणणे, साखळ्या अडकवणे, तळावर घर मागे घेणे, सगळे त्याच दोन हातांनी. आमच्या मते एकट्याने पाच-सहा मीटरच्या घरावर समाधान मानावे. अगदी आखूड घर मागे घेताना चटकन आडवे होते, हेही ट्रॉली चालवणारे जाणतात. गाडीला मागचे दाखवणारा कॅमेरा असावा, आणि विकत घेण्याआधी मोकळ्या मैदानात तासभर मागे-पुढे करून पाहावे. घर भरल्यावर ट्रकच्या वजनकाट्यावर नेऊन खरे वजन करावे. विक्रेत्याच्या कागदावरचे वजन रिकाम्या घराचे असते.

थकल्यावर चाक हाती घ्यायला दुसरे कोणी नसते. म्हणून या लोकांत एक अडाखा आहे: दिवसाचे तीनशे मैल झाले किंवा दुपारचे साडेतीन वाजले, यांतले जे आधी होईल तिथे थांबायचे. मग उजेड असतानाच जागा पाहून घर नीट लावता येते.