‘सात’ की ‘हात’?

मुंबईच्या काळाचौकीतल्या जुन्या गिरणी कामगाराशी कुणी मोठ्याने बोलू लागलं की तो वैतागतो, ‘ओरडू नकोस, ऐकू येतंय. नीट बोल!’ तो अगदी खरं सांगत असतो. का, ते कळायला कानात शिरावं लागतं.

आवाज सुमारे २.५ सेंटिमीटरच्या नळीतून पडद्यावर पोचतो. पडद्यामागे हातोडा, ऐरण आणि रिकीब या तीन हाडांची साखळी. रिकीब जेमतेम ३ मिलिमीटर, शरीरातलं सर्वांत लहान हाड! आतल्या कानात द्रव असतो, आणि हवेतला आवाज थेट द्रवावर पडला तर बहुतेक परतच फिरतो. म्हणून ही साखळी पडद्यावरचा सगळा जोर इवल्याशा खिडकीवर एकवटते. दाब वीसेक पटींनी वाढतो.

पुढे सुमारे पावणेतीन वेढ्यांची शंखाकृती नळी. तिच्यात १५ हजारांच्या आसपास केसपेशी पेटीच्या पट्ट्यांसारख्या मांडलेल्या: दाराशी बारीक स्वर, पार आत खर्ज. द्रवात लाट उठली की पेशींवरचे तुरे कलतात आणि मेंदूकडे संदेश निघतो. अगदी मंद आवाजाला हे कलणं एखाद्या अणूच्या व्यासाइतकं असतं. या लाटेचा उलगडा करणाऱ्या गेऑर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ चं नोबेल मिळालं.

असे तुरे घेऊन माणसं गिरणीतल्या मागांच्या साचेखात्यात आठ-आठ तास उभी राहिली. इंडिया युनायटेड मिलच्या काळाचौकीतल्या ज्या आवारात वस्त्रोद्योगाचं संग्रहालय करायचं ठरलं, तिथेही शेकडो साचे धडधडत. प्रत्येक फेकीला धोटा लाकडावर आदळायचा. कारखान्यात आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा आहे. साचेखातं ती सहज ओलांडे. बोलणं हातवाऱ्यांनी, ओठ वाचून.

पाळी सुटल्यावर कान गुणगुणायचे, सकाळी बरं वाटायचं. वर्षं सरली तशा ४००० हर्ट्झच्या आसपासच्या पेशी आधी मेल्या. ‘आ’, ‘ओ’ खालच्या पट्टीतले, ते शाबूत राहिले. स, श, फ, थ बारीक, ते गेले. मग ‘सात’ की ‘हात’, उमगत नाही. ओरडल्याने स्वरच वाढतात, हरवलेलं व्यंजन येत नाही. कोंबडीच्या कानात मेलेल्या केसपेशींच्या जागी नव्या उगवतात, माणसाच्या नाही.

तेव्हा घरातल्या अशा आजोबांच्या समोर बसा, ओठ दिसू द्या, सावकाश बोला. केईएम रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात त्यांची श्रवणचाचणी करून घ्या. आणि विसर्जनाला डीजेच्या भिंतीजवळ खांद्यावर लेकरू घेऊन उभे राहू नका.