सुरू होता होता गोठणारा संगणक

सुटे भाग जुळवून घरी उभारलेला नवा संगणक सुरू होता होता गोठला, की पुष्कळजण प्रथम विंडोजला दोष देतात. परंतु तो बायॉसच्या पडद्यावरही गोठत असेल, तर विंडोज निर्दोष होय. ती कार्यप्रणाली तेव्हा सुरूच झालेली नसते.

अशा वेळी रॅमकडे प्रथम पाहावे. डीडीआर ५ जातीची रॅम बसविल्यावर, पहिल्या खेपेस प्रोसेसर व रॅम यांच्यातील संकेतांचा मेळ बसण्यास कधी कधी कित्येक मिनिटे लागतात आणि तोवर पडदा काळाच राहतो. हे गोठणे नव्हे. अधीर होऊन वीज तोडली, की ते काम पुन्हा पहिल्यापासून! वेष्टनावर छापलेला ६००० चा आकडाही जपूनच घ्यावा. तो बहुधा वाढीव वेग असतो. बायॉसमध्ये तो बंद करताच पट्टी सामान्यतः ४८०० वर येते, आणि पुष्कळदा गोठणेही थांबते. न थांबल्यास वीज तोडून, पुस्तिकेत सांगितलेल्या खाचेत एकच पट्टी ठेवून पाहावे. मग तिच्या जागी दुसरी. दोन बदल एकदम केले, तर अपराधी सापडत नाही.

पेनड्राइव्हवरून चालणारी मेमटेस्ट८६ ही चाचणी निर्दोष पार पडेपर्यंत विंडोज बसवू नये. सदोष रॅममधून जाणारी माहिती डिस्कवर बिघडलेलीच लिहिली जाण्याचा धोका असतो.