सागरतीरीचा वायू आणि प्राणवह स्रोतस

विमानस्थानातील जनपदोद्ध्वंसनीय अध्यायात चरकाचार्यांनी वायू, उदक, देश व काल या चार भावांची विकृती वर्णिली आहे. दूषित वायू ऋतूस विपरीत, अतिनिश्चल, अतिरूक्ष, अभिष्यंदी, धूळ व धुराने युक्त असतो. यातील निश्चलतेचे लक्षण आपण बहुधा वाचून पुढे जातो. मुंबईची हवा समजून घ्यावयाची तर नेमके तेथेच थांबावे लागते.

प्रवराकाठच्या बेलापुरातून मुंबईच्या हवेची चर्चा कशासाठी, असे वाचकांस वाटेल. नवी मुंबईतील खाडीकाठचे बेलापूर वेगळे, हेही येथे सांगितलेले बरे. परंतु आमच्या पंचक्रोशीतील अनेक तरुण नोकरीनिमित्त मुंबई-ठाण्यास आहेत आणि दिवाळी-संक्रांतीस गावी आले की जुना कास, श्वास घेऊन आपल्याकडेच येतात. आपण चिकित्सा करतो ती जांगल देशाच्या हिशेबाने. रुग्ण परततो तो आनूप देशात.

मुंबईच्या पश्चिमेस अरबी समुद्र, पूर्वेस ठाण्याची खाडी व त्यापलीकडे सह्याद्री. दिवसा जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तेथील हवा वर जाते आणि समुद्रावरून वारा आत येतो. हे खारे वारे शहरातील धूर पांगवितात. रात्री जमीन लवकर निवते व वारा उलट दिशेने, जमिनीकडून समुद्राकडे मंद वाहतो. पावसाळ्यात नैऋत्येचा जोरदार वारा व पाऊस हवा धुऊन काढतात. उन्हाळ्यात तापलेली हवा उंचापर्यंत मिसळते. खरी अडचण शरदाच्या अखेरीपासून शिशिरापर्यंत. मोसमी वारे माघारी गेलेले, खारे वारे उशिरा व क्षीणपणे येणारे, पहाटे जमिनीलगत थंड व वर उबदार हवेचा थर. भांड्यावर झाकण ठेवावे तसे होते. वाहने, बांधकामे व कारखाने यांची धूळ आणि धूर त्याखाली कोंडतो. २०२२-२३ च्या हिवाळ्यात मुंबईची हवा विशेष बिघडली, तेव्हा काही हवामानशास्त्रज्ञांनी त्याचा संबंध २०२० पासून सलग तिसऱ्या हिवाळ्यात टिकलेल्या ला निनाशी व बदललेल्या वाऱ्यांशी जोडला होता.

सुश्रुतसंहितेत पश्चिमेचा वायू रूक्ष, खर व कफशोषक सांगितला आहे. परंपरेने त्या संहितेचा संबंध काशीशी आहे, आणि तेथे पश्चिमेचा वारा कोरड्या भूप्रदेशावरून येतो. कोकणात तोच वारा समुद्रावरून, ओलावा घेऊन येतो. तेव्हा दिशेचे गुण देश पाहूनच लावावे लागतात. शब्दशः लावणे आम्हांस मान्य नाही. चरकांनी तमकश्वास पूर्ववाताने वाढतो असे म्हटले आहे व मुंबईत हिवाळ्यात रात्रीचा वारा पूर्वेकडूनच असतो. जुळणी लक्षवेधी खरी, पण तेवढ्यावरून प्राचीनांना आजचे प्रदूषण ठाऊक होते असे म्हणणे उतावीळपणाचे ठरेल.

हेमंतात व्यायाम सांगताना आपण सहज पहाटे फिरावयास जा म्हणतो. मुंबईच्या श्वासरुग्णास हिवाळ्यात ही वेळ बहुधा सर्वांत वाईट. खारे वारे सुटल्यानंतरची, दुपार उलटल्यावरची वेळ अधिक बरी. २.५ मायक्रॉनहून लहान कण फुप्फुसात खोलवर जातात. भारतीय मानकाप्रमाणे त्यांची २४ तासांची मर्यादा घनमीटरमागे ६० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ती १५ सुचविली. प्रतिमर्श नस्याने नासामार्गाचे स्नेहन होते. त्याने हे सूक्ष्म कण अडतात असा समज रुग्णास करून देऊ नये. पूर्वीपासून चालू असलेले श्वासावाटे घ्यावयाचे औषध तर आपल्या सांगण्यावरून अकस्मात बंद होता कामा नये. बोलताना धाप लागणे, ओठ निळसर होणे, छातीत दुखणे अशा लक्षणांत क्षणाचाही विलंब न करता रुग्णालयात पाठवावे.

आमच्याकडेही उसाचे पाचट पेटते व गळीत हंगामातच पहाटेचे धुके पडते. येथे खारे वारे नाहीत. ऊन चढेपर्यंत धूर शेतांवर रेंगाळतो. मात्र हवा कोरडी असल्याने औषधी टिकतात. येथील फार्मसीचालकांनी मुंबईस माल पाठविताना हा भेद ध्यानी घ्यावा. यवक्षार व लवणयुक्त चूर्णे तेथे पावसाळ्यात ओलावा ओढून गोळा होतात. ती कागदी पुडीत न देता घट्ट झाकणाच्या लहान बाटल्यांत द्यावीत, म्हणजे बाटली उघडल्यावर थोड्या दिवसांत संपेल.