पालेभाजीतील उष्मांक व पोषण : रोमेन लेट्यूसचे उदाहरण

एका शाळेच्या भेटीत चौथीच्या फळ्यावर ‘पालेभाज्या खा, शक्ती मिळवा’ असे वाक्य लिहिलेले आढळले. एका मुलीने उभे राहून विचारले, “बाई, आमच्या घरी रोज पालाच असतो, मग प्रार्थनेच्या वेळी मला घेरी का येते?” बाई निरुत्तर झाल्या, खरे सांगावयाचे तर क्षणभर मीही झालो. या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक शिक्षकाजवळ असावे, या हेतूने हे टिपण लिहीत आहे.

अन्नापासून मिळणारी कार्यशक्ती उष्मांकांत मोजतात. 1 किलोग्रॅम पाण्याचे तापमान 1 अंश सेल्सिअसने वाढविण्यास लागणारी उष्णता म्हणजे आहारशास्त्रातील 1 उष्मांक होय. शहरांतील बाजारात मिळणारी रोमेन लेट्यूस ही लांबट पानांची, कच्ची खाण्याची भाजी उदाहरणादाखल घेऊ. तिच्या 100 ग्रॅम पानांत सुमारे 95 ग्रॅम पाणीच असते. प्रथिने सव्वा ग्रॅम, तंतू 2 ग्रॅम आणि उष्मांक अवघे 17! पालक व राजगिरा यांचे उष्मांकही 23 च्या आसपासच आहेत. उलट 100 ग्रॅम ज्वारीच्या पिठापासून 330 ते 350 उष्मांक मिळतात. म्हणजे 50 ग्रॅम पिठाच्या लहानशा भाकरीची बरोबरी करावयाची तर जवळजवळ 1 किलो लेट्यूस खावी लागेल.

मग पालेभाजी निरुपयोगी की काय? मुळीच नाही. तिचे कार्य शक्ती देण्याचे नसून संरक्षणाचे आहे. तिच्यातील कॅरोटीनपासून शरीरात अ जीवनसत्त्व तयार होते व रातांधळेपणा टळतो. 100 ग्रॅम रोमेन लेट्यूसमध्ये सुमारे 136 मायक्रोग्रॅम फोलेट असते. या द्रव्याचा इतिहास आपल्या प्रांताशी निगडित आहे. मुंबईतील गरोदर स्त्रियांच्या एका प्रकारच्या रक्तक्षयावर यीस्टचा अर्क गुणकारी ठरतो, असे डॉ. ल्यूसी विल्स यांनी 1931 साली दाखविले. त्यातील गुणकारी द्रव्य म्हणजेच फोलेट होय. 1941 मध्ये ते अमेरिकेत पालकाच्या पानांतून वेगळे करण्यात आले व ‘पान’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्यास फॉलिक आम्ल हे नाव मिळाले.

यासाठी महाग लेट्यूसच हवी असे नाही. तिच्या 100 ग्रॅम पानांत कॅल्शियम सुमारे 33 मिलिग्रॅम असते, तर परसबागेतील राजगिऱ्यात 200 हून अधिक. भाजी चिरण्यापूर्वी धुवावी, शिजविलेले पाणी फेकू नये आणि थोडे तेल अवश्य घालावे. स्निग्ध पदार्थावाचून कॅरोटीन अंगी नीट लागत नाही.

वर्गात एक प्रयोग करावा. 100 ग्रॅम पाने तोलून कापडाखाली उन्हात पूर्ण वाळवावीत व पुन्हा तोलावीत. किती वजन उरले, हे मुलांनीच वहीत मांडावे.

प्राथमिक वर्गांच्या शालेय भोजनात 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ व 50 ग्रॅम भाजी मिळून 450 उष्मांक अपेक्षित आहेत. त्यांत पालेभाजीचा वाटा दहाबारा उष्मांकांचाच. म्हणून फळ्यावर ‘भाकरी व डाळ बळ देतात, पालेभाजी राखण करते’ असे लिहावे. आणि ज्या मुलीला घेरी येते, तिने सकाळी काही खाल्ले आहे काय, हे तिला एकीकडे बोलावून मायेने विचारावे.