यकृतातील पडद्यावरचे पहारेकरी

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस एक पंचेचाळिशीचे गृहस्थ पत्नीसह दवाखान्यात आले. चार दिवस ताप, अंगदुखी, अन्नावरची वासना उडालेली. ताप उतरला होता, पण उलट्या थांबत नव्हत्या आणि उजव्या बरगडीखाली दुखत होते. घरात असलेली सारी औषधे टेबलावर मांडावयास मी सांगितले. तीन निरनिराळ्या नावांच्या गोळ्या निघाल्या. तापाची ६५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून चार वेळा, सर्दीची तीन वेळा आणि अंगदुखीची दोन वेळा. नावे तीन असली तरी तिन्हींत पॅरासिटामॉल होतेच. सर्दीच्या गोळीत ५०० मिलिग्रॅम, अंगदुखीच्या गोळीत ३२५. बेरीज केली तेव्हा ती दिवसाला ४७५० मिलिग्रॅम भरली. शिवाय रोज संध्याकाळी मद्य घेण्याची सवय होती, ती तापातही पूर्णपणे सुटली नव्हती.

त्यांना तत्काळ रुग्णालयात पाठविले. यकृताला सूज आली होती. एन-ॲसिटिलसिस्टीन हा उतारा शिरेतून सुरू झाला आणि आठवड्याने ते सुखरूप घरी परतले. पुढच्या भेटीत त्यांच्या पत्नीने पिशवीतून एक बाटली काढून विचारले, "डॉक्टर, शेजारच्या वहिनींनी हे लिव्हर डिटॉक्सचं औषध दिलंय. ह्यांना सुरू करू का?"

वाचकहो, या प्रश्नाचे उत्तर समजून घ्यायचे तर आपल्याला यकृताच्या एका पेशीत डोकवावे लागेल.

आपण घेतलेली बरीचशी औषधे आणि शरीरात शिरणारी अनेक रसायने मेदात विरघळणारी असतात. मूत्रपिंड त्यांना गाळते खरे, परंतु ती मूत्रनलिकांच्या भिंतींतून पुन्हा रक्तात शिरतात. त्यांना बाहेर घालवायचे तर आधी पाण्यात विरघळणारे रूप द्यावे लागते. हे काम करणारी प्रथिने म्हणजे विकरे.

ही विकरे पेशीत कोठे असतात, हे पाहण्यासारखे आहे. पेशीच्या आत आंतर्द्रव्यजालिका नावाचे घड्याघड्यांचे एक पटल पसरलेले असते, तेही मेदाचेच. सायटोक्रोम पी-४५० या कुळातील विकरे आपल्या एका टोकाने या पटलात नांगर टाकून बसतात. त्यांचे मुख्य अंग पेशीद्रवाच्या बाजूला असते, पण पटलाला टेकलेले. मेदात विरघळणारा पदार्थ आपसूकच पटलात शिरतो आणि तेथूनच विकराच्या दाराशी पोहोचतो. चोर ज्या गल्लीतून येणार, त्याच गल्लीच्या तोंडाशी पहारेकरी उभा करावा, तशी ही व्यवस्था आहे. या विकराला इलेक्ट्रॉन पुरविणारे जोडीदार प्रथिनही शेजारीच, त्याच पटलात रोवलेले असते.

ओमुरा आणि सातो या जपानी शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी या रंगद्रव्याची ओळख पटविली. कार्बन मोनॉक्साइडशी संयोग झाल्यावर ते ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश शोषते, म्हणून हे नाव. माणसात या कुळाची ५७ जनुके आहेत.

यानंतरच्या टप्प्यात दुसरी विकरे त्या पदार्थाला शर्करेपासून बनलेले ग्लुकुरॉनिक आम्ल जोडतात. हीदेखील याच पटलात रोवलेली असतात, मात्र त्यांचे तोंड जालिकेच्या आतल्या पोकळीकडे असते. काही पदार्थांना ग्लुटाथायोन जोडले जाते. ते काम मुख्यतः पेशीद्रवात चालते. असा बांधलेला पदार्थ मग लघवीतून वा पित्तावाटे बाहेर पडतो.

पण पहारेकऱ्याच्या हातूनही कधी घात होतो. पॅरासिटामॉलचा बहुतांश भाग थेट दुसऱ्या टप्प्यात निरुपद्रवी होतो. थोडा भाग मात्र पी-४५० कुळातील सीवायपी२ई१ या विकराकडे जातो आणि त्यापासून मूळ औषधाहून घातक पदार्थ तयार होतो. ग्लुटाथायोन त्याला लगेच जखडते, म्हणून नेहमीच्या मात्रेत बिघडत नाही. नित्य मद्यपानाने हे विकर वाढते आणि उपासमारीने ग्लुटाथायोन घटते. आमच्या रुग्णाच्या बाबतीत जादा मात्रा, मद्य आणि रिकामे पोट या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या. एन-ॲसिटिलसिस्टीन हे नेमका ग्लुटाथायोनचाच साठा भरून काढते.

ही व्यवस्था स्थिर नसते. फेनोबार्बिटोनसारख्या औषधाने हे पटलच विस्तारते. क्षयरोगावरील रिफॅम्पिसीन विकरांचे प्रमाण इतके वाढविते की गर्भनिरोधक गोळ्या वेळेआधीच निकामी होतात. ही गोष्ट ठाऊक नसल्याने नको असताना दिवस राहिलेल्या भगिनी मी पाहिल्या आहेत.

तेव्हा त्या बाटलीविषयी मी त्यांना एवढेच सांगितले: "यकृत म्हणजे घासून धुवायचे पातेले नव्हे. त्यात मळ साचत नाही, त्यावर बोजा पडतो. तो बोजा कमी करा. बाटलीतले औषध वनस्पतीचे असले तरी त्याचाही निचरा याच पहारेकऱ्यांना करावा लागेल."

आपणही एवढे पाळावे. गोळीच्या पाकिटावरील घटकांची नावे वाचावीत. प्रौढांनी सर्व गोळ्या मिळून दिवसाला ४ ग्रॅमहून अधिक पॅरासिटामॉल घेऊ नये. मद्य घेणाऱ्यांना, उपाशी वा कृश व्यक्तींना ही मर्यादा आणखी कमी हवी, ती डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. मुलांची मात्रा वजनावर ठरते. नवे औषध घेताना चालू असलेली सारी औषधे, काढे आणि चूर्णेसुद्धा, डॉक्टरांना सांगावीत. आणि मात्रा चुकून जास्त झाल्यास त्रास होण्याची वाट पाहू नये. पहिल्या दिवशी बहुधा काहीच जाणवत नाही, आणि उतारा पहिल्या आठ तासांत दिला तर सर्वांत गुणकारी ठरतो.

त्या बाई बाटली पिशवीत ठेवून उठल्या. जाताना यजमानांकडे पाहत म्हणाल्या, "मग संध्याकाळचंही बंद करायचं ना?" मी मान डोलावली. औषधाच्या चिठ्ठीत त्या दिवशी याहून मोलाचे मला काही लिहायचे नव्हते.